सापडत नाही आणि परवानगी नाही

उर्दू माध्यमाच्या शाळेत संगणकाची खोली असणं आणि ती चालू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी लातूरला शिकवलं, आता नांदेडला शिकवतो. खोली दोन्हीकडे होती. आताच्या शाळेतली खोली मात्र खरंच चालते. ११ यंत्रं आहेत, सगळी जुनी. त्यांच्यावर उबंटू लिनक्स आहे, कारण नवं विंडोज त्यांना झेपत नव्हतं आणि परवान्याचे पैसे कुणाकडे नव्हते.

या खोलीत मुलांना सगळ्यात जास्त त्रास देणारी दोन इंग्रजी वाक्यं आहेत. एक 'कमांड नॉट फाउंड', दुसरं 'परमिशन डिनाइड'. मुलं दोन्हींसाठी एकच भाषांतर करतात, "सर, ये मना कर्रा." आणि हात मांडीवर ठेवून बसतात. आपल्या हातून काही बिघडलं असं त्यांना वाटतं. मुली तर खुर्ची मागे सरकवतात. मी भाषेचा शिक्षक, संगणकाचा नाही. पण ही दोन वाक्यं वाचता येणं हे मला भाषेचंच काम वाटतं. पहिलं म्हणतं, तू सांगतोस ते मला सापडलं नाही. दुसरं म्हणतं, सापडलं, पण तुला त्याची इजाजत नाही. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

जाता जाता एक गंमत. यंत्राच्या या कारभारातले तीन शब्द मराठीत सांगायचे तर हुकूम, रस्ता आणि परवानगी. तिन्ही मराठीत फारसीच्या वाटेनं आले. उर्दूत आज आपण इजाजत म्हणतो आणि परवानगी हा शब्द मराठीनं सांभाळून ठेवला. वर्गात हे सांगितलं की मुलांना यंत्र थोडं ओळखीचं वाटायला लागतं.

आता प्रत्यक्ष प्रकरण. माझी एक जुनी विद्यार्थिनी बीसीए करते आहे. तिनं आमच्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. उर्दू शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ असलेल्या यादीतून तो दर वेळी वेगळे २० शब्द उचलतो आणि सरावाचा कागद तयार करतो. उजवीकडून उर्दू, डावीकडून मराठी. आमच्या मुलांना मराठीचा पेपर जड जातो, आणि बाजारातली सरावाची पुस्तकं मराठी घरात बोलणाऱ्या मुलांसाठी असतात. त्यामुळे हा कागद आम्हाला हवाच होता. प्रोग्रामचं नाव तिनं 'सराव' ठेवलं. (इथे मी सगळं देवनागरीत लिहितो आहे. यंत्रावर ते इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायचं. मोठं अक्षर पडलं तर यंत्र ते दुसरंच नाव समजतं.)

नववीच्या एका मुलानं फाइल ज्या फोल्डरमध्ये होती तिथे जाऊन 'सराव' असं टाइप केलं. उत्तर आलं, कमांड नॉट फाउंड. फाइल तर समोर दिसत होती. तो म्हणाला, "दिख रा, फिर भी नै मिल्या बोल्रा." त्याची तक्रार रास्त होती.

लातूरच्या वाचकांनी गंजगोलाई डोळ्यांसमोर आणावी. १९१७ साली उभी राहिलेली ती मधली गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे १६ रस्ते. एका रस्त्यावर सोनं, दुसऱ्यावर कापड, कुठे चपला, कुठे मसाले. समजा मध्ये एक माणूस उभा आहे आणि त्याच्या हातात पाच रस्त्यांची नावं लिहिलेली चिठ्ठी आहे. तुम्ही दुकानाचं नाव सांगितलं की तो त्या पाच रस्त्यांवर क्रमानं फिरतो. दुकान सहाव्या रस्त्यावर असेल, उघडं असेल, अगदी तुमच्या पाठीमागेच असेल, तरी तो परत येऊन सांगणार की सापडलं नाही. तो खोटं बोलत नाही. तो रस्ता त्याच्या चिठ्ठीत नाही, एवढंच.

या चिठ्ठीला यंत्राच्या भाषेत 'पाथ' म्हणतात. 'इको डॉलर पाथ' असं लिहिलं (डॉलर म्हणजे त्याची खूण, शब्द नव्हे) की ती वाचायला मिळते. विसर्गासारख्या दोन टिंबांनी वेगळे केलेले पत्ते दिसतात, उदाहरणार्थ /यूएसआर/लोकल/बिन, /यूएसआर/बिन, /बिन. शोध डावीकडून उजवीकडे चालतो आणि त्या नावाची पहिली गोष्ट सापडली की तिथेच थांबतो. म्हणून एकाच नावाचे दोन प्रोग्राम असतील तर कधी कधी भलताच चालतो. नेमका कोणता चालतो आहे हे 'टाइप' किंवा 'विच' या हुकमानं कळतं.

मग आपण उभे आहोत तोच फोल्डर त्या चिठ्ठीत का नसतो? हा प्रश्न एका मुलीनं विचारला आणि मला तो फार आवडला. त्याचं कारण सुरक्षेचं आहे. 'एलएस' हा फाइलींची यादी दाखवणारा रोजचा हुकूम. कुणी खोडसाळपणे आपल्या फोल्डरमध्ये 'एलएस' याच नावाचा दुसरा प्रोग्राम ठेवला, त्यात भलतंच काम लिहिलं, आणि तुम्ही तिथे जाऊन सहज यादी मागितली, तर? म्हणून शेजारची वस्तू वापरायची असेल तर 'इथलीच' असं स्पष्ट सांगावं लागतं. ते सांगायची पद्धत म्हणजे नावाआधी एक टिंब आणि तिरकी रेघ, ./सराव. टिंब म्हणजे 'इथे'.

मुलानं तसं लिहिलं. आता उत्तर आलं, परमिशन डिनाइड. सगळा वर्ग हिरमुसला. मी मात्र खडू घेऊन फळ्यावर दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिली आणि विचारलं, पहिल्यात आणि दुसऱ्यात काय फरक पडला? मागच्या बाकावरून आवाज आला, "अब मिल गया उसकू." बरोबर. नकार बदलला होता. यंत्रापाशी बसणाऱ्याला हे कळणं सगळ्यात उपयोगाचं आहे असं माझं मत आहे. तोच नकार पुन्हा आला तर आपण जागच्या जागी आहोत. वेगळा आला तर एक दार उघडलं आहे.

दुसऱ्या दाराचं कुलूप 'एलएस -एल' या हुकमानं दिसतं. प्रत्येक फाइलीच्या आधी दहा खुणांची एक पट्टी येते. पहिली खूण सांगते की ही फाइल आहे की फोल्डर. पुढच्या नऊ खुणा तीन-तीनच्या गटात असतात. पहिला गट मालकाचा, दुसरा त्याच्या गटातल्या लोकांचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. प्रत्येक गटात आर म्हणजे वाचणं, डब्ल्यू म्हणजे लिहिणं, एक्स म्हणजे चालवणं. जिथे आडवी रेघ, तिथे मनाई. 'सराव'च्या पट्टीत मालकाच्या जागी आर आणि डब्ल्यू होते, एक्सच्या जागी रेघ. म्हणजे लिहिणाऱ्यालाही तो चालवण्याची मुभा नव्हती! नवी लिहिलेली फाइल बहुतेक अशीच जन्माला येते. ती आधी मजकूर असते. ती चालवायची आहे हे कुणीतरी मुद्दाम सांगावं लागतं, सीएचमॉड यू+एक्स सराव. यू म्हणजे मालक, एक्स म्हणजे चालवणं, अधिक म्हणजे दे.

ही व्यवस्था जुनी आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचं काम सुरू केलं तेव्हा एकाच यंत्रावर अनेक माणसं बसत. माझं तुला दिसावं का, तुला बदलता यावं का, हा प्रश्न तिथे रोजचा होता. १९९१ मध्ये हेलसिंकीचा एक विद्यार्थी, लिनुस टोरवाल्ड्स, यानं लिनक्स सुरू केलं तेव्हा ही रीत तशीच उचलली. आपल्या सी-डॅकनं बनवलेल्या 'बॉस' लिनक्सवरही हेच चालतं. ११ यंत्रांवर १००हून जास्त पोरं बसतात अशा आमच्या खोलीला ही रीत नव्या घरच्या एकट्याच्या लॅपटॉपपेक्षा जास्त लागू पडते.

आणि इथेच सगळ्यात वाईट सवय लागते. वाचण्याला ४, लिहिण्याला २, चालवण्याला १ असे आकडे आहेत. तिन्हींची बेरीज ७. तिन्ही गटांना ७ दिलं की ७७७. कुठेही परमिशन डिनाइड आलं की '७७७ मार' हा सल्ला कुणीही देतो. आमच्याकडे यंत्रं बसवून देणाऱ्या एजन्सीच्या मुलानं सगळ्या वर्गांच्या सामायिक फोल्डरला ७७७ देऊन ठेवलं होतं. एका सकाळी नववीच्या प्रकल्पाच्या सगळ्या फाइली गायब. दहावीच्या खात्यावरून कुणीतरी 'जागा करायला' पुसल्या होत्या. नववीची मुलं म्हणाली, आमच्या फाइलींना तर दुसऱ्यांना लिहायची मुभा नव्हती, मग पुसल्या कशा?

हा मुद्दा मोठ्यांनाही माहीत नसतो. फाइल पुसण्याची परवानगी फाइलीवर नसते, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्या फोल्डरवर असते. फोल्डर म्हणजे नावांची वही. वहीत लिहायची मुभा असेल तर वहीतलं नाव खोडायचीही असते. हजेरीपट ज्याच्या हातात तो कुणाचंही नाव काढू शकतो, मग विद्यार्थी वर्गात हजर का असेना. त्यावरही इलाज आहे. फोल्डरला आणखी एक खूण देता येते, तिला स्टिकी बिट म्हणतात आणि पट्टीच्या शेवटी ती टी म्हणून दिसते. मग फोल्डरमध्ये सगळे लिहू शकतात, पण नाव खोडायचं तर फाइलीचा मालक, फोल्डरचा मालक किंवा यंत्राचा मुख्य चालकच लागतो. लिनक्सचा सगळ्यांसाठी खुला असलेला तात्पुरता फोल्डर, /टीएमपी, याच खुणेवर चालतो. आमच्या सामायिक फोल्डरला आता ती खूण आहे आणि प्रत्येक वर्गाचं खातं वेगळं आहे. नववीच्या फाइली मात्र परत आल्या नाहीत. प्रकल्प पुन्हा लिहावा लागला.

'सराव' आता माझ्या खात्यावर चालत होता. मुलांच्या खात्यावर मात्र पूर्ण पत्ता देऊनही परमिशन डिनाइड. फाइलीची पट्टी बघितली तर सगळ्यांना वाचायची आणि चालवायची मुभा होती. मग अडलं कुठे? यंत्र फाइलीपर्यंत पोचायला वाटेतला प्रत्येक फोल्डर ओलांडतं, आणि प्रत्येकावर त्याला एक्स लागतो. दुकान उघडं असून भागत नाही, गल्लीचं फाटकही उघडं लागतं. ती फाइल माझ्या घरच्या फोल्डरमध्ये ठेवलेली होती. उबंटूनं २१.०४ या आवृत्तीपासून नव्या खात्याचा घरचा फोल्डर बाकीच्यांना बंद ठेवायला सुरुवात केली, आणि ते योग्यच केलं. 'नेमआय -एल' हा हुकूम वाटेतली प्रत्येक पायरी तिच्या पट्टीसकट एकाखाली एक दाखवतो. त्यात फाटक कुठे बंद आहे ते लगेच दिसतं.

माझ्या घराचं फाटक उघडणं हा उपाय नव्हता, तिथे गुणपत्रकं असतात. योग्य जागा होती /यूएसआर/लोकल/बिन. ती सगळ्यांच्या चिठ्ठीत असते आणि शाळेनं स्वतः आणलेले प्रोग्राम ठेवायला ती असतेच. पण तिथे ठेवायचं तर 'सुडो' म्हणजे मुख्य चालकाचा अधिकार लागतो, आणि त्याचा पासवर्ड एजन्सीकडे. फोन केला. "पाठवतो" म्हणाले. पुन्हा फोन केला. तिसऱ्या वेळी समोरचा म्हणाला, उर्दू शाळेला पासवर्ड दिला की पोरं बिघडवून ठेवतात, मग चकरा आम्हाला माराव्या लागतात.

मी वाद घातला नाही. मुख्याध्यापकांकडे जाऊन डेडस्टॉक रजिस्टर मागितलं. ११ संगणक, ११ कीबोर्ड, एक प्रिंटर, सगळं शाळेच्या नावावर, सही-शिक्क्यानिशी. यंत्राच्या पट्टीत मालक म्हणून 'रूट' लिहिलेलं असतं, पण रूट कोण हे रजिस्टर सांगतं. मुख्याध्यापकांनी नोंदीचा क्रमांक टाकून चार ओळींचं पत्र पाठवलं. दुसऱ्या दिवशी पासवर्ड मोबाइलवर आला, आणि आम्ही तो त्याच दिवशी बदलला. त्या फोनवरचं वाक्य मी वर्गात सांगितलं नाही. इथे मुद्दाम लिहितो आहे, कारण वाचणाऱ्यांत संस्थाचालकही आहेत. संगणक खरेदीच्या बिलाबरोबर मुख्य पासवर्ड लिहून घ्या. तो बंद पाकिटात तिजोरीत ठेवला तरी चालेल, पण तो शाळेकडे पाहिजे.

नकार कोणता आहे हे न बघता परत फिरण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या दिवसांत पालक येतात, "सर, नै हुआ." काय नाही झालं? आधार कार्डावर शेख, जन्मदाखल्यावर शेक, शाळेच्या दाखल्यावर नाव आधी आणि शेख नंतर. यंत्राला जुळणारी नोंद सापडलेली नसते. पालकांनी मात्र ऐकलेलं असतं की आपल्याला मिळत नाही. ही 'सापडत नाही'ची तक्रार आहे, दुरुस्ती एका अक्षराची आहे. उलट कधी नोंद सापडलेली असते आणि नियमातच बसत नाही, तिथे दहा वेळा स्पेलिंग बदलून काही होणार नाही. पहिलं कोणतं आणि दुसरं कोणतं हे खिडकीपाशीच विचारून घ्यावं लागतं, आणि विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

अक्षरांवरून आठवलं. एकदा 'सराव'च्या यादीतला एक उर्दू शब्द यंत्राला सापडेचना, डोळ्यांना तर तो लख्ख दिसत होता. यादी कुणीतरी अरबी कीबोर्डवर टाइप केली होती. अरबीचं काफ आणि उर्दूचं काफ, अरबीची ये आणि उर्दूची ये, वाचताना आपण फरक करत नाही, पण यंत्राच्या लेखी त्यांचे क्रमांक वेगळे आहेत. फाइलीच्या नावात असं झालं तर पत्ता अचूक दिसत असूनही नॉट फाउंड येतं. याचाच चुलत भाऊ म्हणजे विंडोजवर दुरुस्त करून आणलेला प्रोग्राम. विंडोज ओळीच्या शेवटी एक जास्तीची अदृश्य खूण ठेवतं. लिनक्स ती पहिल्या ओळीतल्या पत्त्याचाच भाग समजतं आणि 'अशी फाइल नाही' म्हणून सांगतं. 'डॉसटूयुनिक्स' नावाचा छोटा प्रोग्राम त्या खुणा काढून टाकतो.

पेन ड्राइव्हचं वेगळंच. बहुतेक पेन ड्राइव्ह फॅट या जुन्या पद्धतीनं बांधलेले असतात आणि त्या पद्धतीत मालक, गट, एक्स वगैरे लिहून ठेवायला जागाच नाही. तिथे कितीही वेळा सीएचमॉड करा, टिकत नाही. फाइल आधी यंत्रावर उतरवायची, मग परवानगी द्यायची.

रस्त्याचा प्रश्न फक्त हुकमांचा नसतो. माझ्या खात्यावर उर्दू नस्तालीकमध्ये सुंदर दिसायची, मुलांच्या खात्यावर तीच नस्खमध्ये. मुलं म्हणायची, ये तो कुरआन का खत है. टंक माझ्या घरच्या फोल्डरमध्ये होता, त्यांच्या यंत्रणेला तो दिसतच नव्हता. नोटो नस्तालीक उर्दू हा मोफत टंक /यूएसआर/शेअर/फॉन्ट्स इथे सगळ्यांसाठी ठेवला आणि प्रश्न मिटला. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, हे उर्दू शाळांनी जरूर ऐकावं.

ज्यांना हे स्वतः शिकायचं आहे त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे छोटे छोटे पाठ मराठी आवाजात आहेत, फुकट. मी मुलांना ते दाखवतो, मध्ये थांबवून दखनीत समजावतो.

शेवटची अडचण मागच्या महिन्यातली. सोमवारी सकाळी कागद आपोआप छापून यावेत म्हणून ते काम 'क्रॉन' या वेळ पाळणाऱ्या नोकराकडे सोपवलं. सोमवारी प्रिंटर गप्प. हातानं चालवलं तर चालतं, क्रॉनला सांगितलं तर नाही. या वेळी दहावीच्या एका मुलीनं मला न विचारता नोंद उघडली, वाचली आणि म्हणाली, "सर, नॉट फाउंड है, डिनाइड नै. उसकी चिठ्ठी छोटी होंगी." तसंच होतं. क्रॉनच्या चिठ्ठीत फक्त /यूएसआर/बिन आणि /बिन असतात. तिनं 'सराव'च्या जागी पूर्ण पत्ता लिहिला, /यूएसआर/लोकल/बिन/सराव. पुढच्या सोमवारी प्रार्थनेच्या आधीच ४० कागद ट्रेमध्ये पडले होते. शाईचा खर्च कोणत्या हेडखाली टाकायचा हे अजून ठरलेलं नाही.